पुण्यात व्याख्यानं, मंडळं, कट्टे... नवीन माणसाने सुरुवात कुठून करायची?

वनाझची_पाहुणी

नमस्कार मंडळी. आम्ही मूळचे परभणीचे, मी नोकरीमुळे पुण्यात, कोथरूडला वनाझच्या बाजूला राहते. वर्क फ्रॉम होम असल्यामुळे खरं सांगायचं तर इतकी वर्षं राहूनही पुणं असं बघितलंच नाही, लॅपटॉप, किराणा आणि कधीतरी मल्टिप्लेक्स एवढंच. आता आई कायमची माझ्याकडं राहायला आलीय. ती शाळेत मराठी शिकवायची, रिटायर झाली, तिकडं वाचनालय, भिशी, गणपतीतली व्याख्यानं, शेजारपाजार असा दिवस भरलेला असायचा आणि इथं फ्लॅटचं दार लावलं की संपलं. ती तक्रार करणाऱ्यातली नाहीच, पण परवा बघितलं तर पेपरातलं आजच्या कार्यक्रमांचं सदर कात्रीने नीट कापून फ्रिजवर लावलेलं. म्हटलं जायचंय का, तर म्हणते कोणाबरोबर जाऊ.

तर प्रश्न असे. व्याख्यानं, गाणं, पुस्तकांच्या गप्पा, एखादी सहल हे सगळं जिथं होतं अशा कुठल्या संस्थेचं सदस्य व्हावं? कोणाची ओळख लागते का? नव्या माणसाशी तिथं कोणी बोलतं की सगळे आपापल्या ग्रुपमधे? मलाही सोबत जायला आवडेल, पण मी गेले तर केस काळे असलेली एकटीच मी असेन का 😄 आणि फी वगैरे काय असते? हसू नका, आमच्याकडं मंडप दिसला की आत जाऊन बसायचं एवढंच माहीत आहे.

तिसरी_रांग

स्वागत आहे. अहो इथंही तेच करायचं, हॉलचं दार उघडं दिसलं की आत जाऊन बसायचं. बहुतेक व्याख्यानं सगळ्यांना खुली असतात, सभासद आहात का असं दारात कोणी विचारत नाही, फार तर वहीत नाव आणि फोन नंबर लिहायला सांगतील. तेव्हा सदस्यत्वाचं मागाहून बघा, आधी नुसतं श्रोता म्हणून फिरा.

काकूंसाठी पहिली जागा सांगतो ती म्हणजे वसंत व्याख्यानमाला. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली, दीडशे वर्षं झाली. २१ एप्रिल ते २० मे, टिळक रोडवर टिळक स्मारक मंदिरात, रोज संध्याकाळी नवा वक्ता नवा विषय, आज परराष्ट्र धोरण तर उद्या संतसाहित्य तर परवा शेती. आवडलं नाही तर दुसऱ्या दिवशी जाऊ नका, कोणी हजेरी घेत नाही. ते येईपर्यंत त्याच रस्त्यावर महाराष्ट्र साहित्य परिषद आहे, १९०६ची संस्था, तिथल्या माधवराव पटवर्धन सभागृहात पुस्तक प्रकाशनं, चर्चा, कविसंमेलनं चालूच असतात, मराठीच्या बाईंना ते माहेरच वाटेल. इतिहासाची आवड असेल तर सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ, इतिहासाचार्य राजवाडे आणि मेहेंदळ्यांनी १९१० साली काढलेलं. तिथं माणसं कमी असतात पण जी असतात ती मोडी कागदातल्या एका तारखेवरून अर्धा तास भांडू शकतात, बघण्यासारखं असतं. लॉ कॉलेज रोडला भांडारकर संस्था आहे, महाभारताची चिकित्सक आवृत्ती जिथं झाली ती, तिथलीही व्याख्यानं चांगली असतात. ही तर तुमच्या घरापासून जवळच.

आता प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो म्हणजे बिचकायला होणार नाही. साडेसहा म्हणजे साडेसहाच, बाकी पुण्याला काय नावं ठेवायची ती ठेवा पण हे मान्य करा. दीपप्रज्वलन होतं, त्यात वाऱ्याने दोन वाती विझतात, पंखा बंद करा पंखा बंद करा असं चालतं. मग प्रास्ताविक, मग सत्कार, शाल श्रीफळ, कधी पुणेरी पगडी, मग पाहुण्यांचा परिचय आणि परिचय करून देणाराच पंधरा मिनिटं खातो. तोपर्यंत हॉल भरलेला असतो. पुढच्या दोन रांगा राखीव असतात, त्यामुळे तिसऱ्या रांगेत कडेची खुर्ची पकडायची, ऐकू नीट येतं आणि मधेच उठायचं झालं तर लोकांच्या गुडघ्यांवरून जावं लागत नाही. एसी हॉल असेल तर शाल न्या. आणि रोज येणाऱ्यांच्या जागा ठरलेल्या असतात, कुठं लिहिलेलं नसतं पण असतात. एखाद्या खुर्चीवर पिशवी दिसली तर ती कोणाचीतरी आहे असं समजा.

बोलतात का? आपणहून पहिल्या दिवशी नाही बोलणार. तिसऱ्या चौथ्या वेळेला तोच चेहरा परत दिसला की मात्र विचारतात, तुम्ही कुठल्या?

मुठेकाठचा

@तिसरी_रांग यांच्या यादीशी वाद नाही पण मूळ प्रश्नाचं उत्तर वेगळं आहे असं मला वाटतं. व्याख्यानाला जाऊन ओळखी होतात हे कोणी सांगितलं? दोनशे माणसं एकाच दिशेला तोंड करून दीड तास गप्प बसतात आणि वंदे मातरम झालं रे झालं की स्कूटरच्या किल्ल्या शोधत जिन्याकडे पळतात. वक्ता ग्रेट असला तर त्याच्याभोवती गराडा, तोही सेल्फीचा. मी वर्षानुवर्षं जातोय, ज्ञानात भर पडली असेल, फोनमधल्या नंबरांत नाही.

काकूंना माणसं हवी आहेत आणि त्यासाठी छोटं काहीतरी शोधा. तुमच्याच भागात ज्येष्ठ नागरिक संघ असणार, कोथरूडमधे तर गल्लोगल्ली आहेत. बागेत किंवा विरंगुळा केंद्रात जमतात, वर्गणी किरकोळ असते, महिन्याचे वाढदिवस एकदम साजरे करतात, बाहेरचा वक्ता बोलावतात. वक्त्यांचे विषय तीनच, गुडघे, मृत्युपत्र आणि सायबर फसवणूक 😀 पण चेष्टा सोडा, तिथं गोल करून बसतात म्हणजे समोरच्याचं तोंड दिसतं आणि एक दिवस नाही आलात तर फोन येतो. व्याख्यानमालेतून असा फोन कोणालाही आलेला नाही.

दुसरं म्हणजे पुस्तक भिशी. दहाबारा जणी, महिन्यातून एकदा कोणाच्यातरी घरी, प्रत्येकीने वाचलेल्या पुस्तकाबद्दल बोलायचं, पुस्तकांची अदलाबदल आणि मग खाणं. याची जाहिरात कुठंच नसते, तोंडी कळतं. सोसायटीच्या ग्रुपवर विचारून बघा. नसली तर काकूंनीच काढावी की, मराठीच्या शिक्षिका आहेत.

खुर्च्या_मांडणारी

मी आमच्या उपनगरातल्या एका छोट्या सांस्कृतिक मंडळाचं काम करते (नाव लिहीत नाही नाहीतर जाहिरात वाटेल) म्हणून पडद्यामागून सांगते.

पहिलं फी. साधारण तीन प्रकार असतात, वार्षिक सभासद, आजीव सभासद आणि आश्रयदाते की हितचिंतक की काय ते. आजीव स्वस्त पडतं म्हणून लगेच घेऊ नका, एक वर्ष वार्षिक राहून बघा. मंडळ चांगलं असतं पण दर कार्यक्रम ठीक दुपारी चारला, म्हणजे तुमच्या मीटिंगच्या वेळी, मग काय उपयोग. वर्गणी कमी का असते हेही सांगते, कारण वर्गणीवर मंडळ चालतच नाही. हॉलचं भाडं, माईकवाला, वक्त्याचं मानधन आणि जाण्यायेण्याचा खर्च, चहा, हार, फ्लेक्स हे सगळं जोडलं की एका कार्यक्रमाला सगळ्या वर्षाची वर्गणी जाते. बाकीचं देणगीतून. कोणाच्यातरी आईवडिलांच्या स्मरणार्थ एक दिवसाचा खर्च उचलायचा आणि त्या दिवसाच्या व्याख्यानाला त्यांचं नाव, ही पद्धत पुण्यात जुनी आहे, म्हणून तर प्रत्येक व्याख्यानाच्या आधी आपल्या ओळखीचं नसलेलं एक नाव वाचलं जातं आणि एक कुटुंब स्टेजवर येऊन फोटो काढून जातं. कंटाळू नका, त्यांच्या जिवावर आपण फुकट ऐकतो.

दुसरं, ओळखींचं. सभासद यादीत भरपूर आणि काम करायला चौघं, ही सगळ्या मंडळांची कथा आहे. कार्यक्रमाच्या आधी तासभर हॉलवर जा आणि काही मदत करू का एवढं विचारा. बस. कोणी नाही म्हणणार नाही. दारातल्या टेबलावर बसून नावं लिहून घेणाऱ्या बाईला दोन महिन्यांत सगळी नावं पाठ होतात आणि सगळ्यांना ती पाठ होते. तुमच्या आईंचं तर सोनंच होईल, कारण आमच्याकडे सगळ्यात मोठी बोंब असते ती निवेदनाची आणि लिहिण्याची. फळ्यावर सुवाच्य अक्षरात उद्याचा कार्यक्रम लिहिणं, बैठकीचं इतिवृत्त, पेपरला द्यायची चार ओळींची बातमी, पाहुण्यांचा परिचय, आणि तो परिचय पाच मिनिटांत संपवणं (@तिसरी_रांग, तुमचं दुःख आम्हाला कळतं हो, पण त्या माणसाला माईक दिल्यावर काढून कोण घेणार).

तिसरं आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं, नुसत्या व्याख्यानांवर मंडळाची परीक्षा करू नका, त्यांची सहल कशी असते ते विचारा. आमची पावसाळ्यात एक दिवसाची सहल असते, बस सकाळी सहाला. व्याख्यानाला वर्षभर एकमेकींना नुसती मान हलवणाऱ्या बायका बसमधे शेजारी येतात, कारण खिडकी कोणाला लागते आणि उलटी कोणाला होते यावर जागा ठरतात. डबे उघडतात, कोणी मेथीचे ठेपले, कोणी तिखटमिठाच्या पुऱ्या, एक काका आल्याच्या वड्या घेऊन सगळ्या बसमधे फिरतात. परतीच्या वाटेवर भेंड्या सुरू होतात आणि शास्त्रीय संगीतावर अधिकारवाणीने बोलणारे गृहस्थ ल वरून जुनं सिनेमाचं गाणं काढून स्वतःच्या बाजूला जिंकवतात. त्यानंतरच्या व्याख्यानाला हॉलमधे आवाजच वेगळा असतो. कोजागरीचं मसाला दूध, संक्रांतीचं तिळगूळ, भोंडला यांचंही तसंच. जिथं बसून नुसतं ऐकायचं नाही, हात लावायचा आहे, तिथं माणसं लवकर बोलतात.

गुरुवारी_मीटिंग

मंडळांचा विषय निघालाच आहे तर, रोटरी क्लबचाही विचार करता येईल. तिथं मात्र आपण जाऊन फॉर्म भरला असं नसतं, आधीचा सभासद नाव सुचवतो. नेमाने मीटिंग, बाहेरचा वक्ता, समाजकार्याचे प्रोजेक्ट. खर्च मंडळापेक्षा बराच जास्त, जेवणं वगैरे धरून. तुमच्यासाठी ठीक आहे, आईंसाठी वाटत नाही. जिमखाना टाइप जुने क्लब वेगळेच, तिथं पैसे भरून वर वाट बघायची आणि मुख्य ओढा खेळाकडे.

रविवार_सकाळ

केस काळे असलेली मी एक आहे 🙋 वय एकतीस, आयटीच. तू एकटी नसशील पण जागा निवडून जा. शनिवार पेठेत सुदर्शन रंगमंच, छोटा हॉल, प्रायोगिक नाटकं, अभिवाचनं, नंतर कधी कधी दिग्दर्शकाशी गप्पा, तिथं आपल्या वयाचे भरपूर. विज्ञान आवडत असेल तर विद्यापीठातलं आयुका, म्हणजे खगोलशास्त्राचं केंद्र, नारळीकर सरांनी उभं केलेलं, २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला सगळ्यांसाठी उघडं असतं, तोबा गर्दी पण मजा. जर्मन फ्रेंच वाल्यांच्या संस्थांमधे सिनेमे दाखवतात. आणि जुन्या पेठांमधून वाडे दाखवत चालवणारे हेरिटेज वॉक असतात रविवारी सकाळी, हे मी सगळ्यात वर ठेवीन कारण चालताना बोलायला लाजच वाटत नाही, विषय समोरच असतो, हा दरवाजा बघ, ती चिरेबंदी भिंत बघ. काकूंचे पाय चालत असतील तर त्यांनाही ने, संथच चालतात.

आणि डिसेंबरात सवाई!! भीमसेनजींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला महोत्सव, आधी रमणबागेत व्हायचा आता मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर. खुर्चीचं तिकीट काढू नको, भारतीय बैठकीचं काढ. खाली बसलं की पाचही दिवस शेजारी तेच लोक असतात, जागा धरायला एकमेकांच्या सतरंज्या सांभाळतात, आत्ता कुठला राग चाललाय हे हळूच विचारलं तर सांगतात (आणि चुकीचा सांगितला तर मागच्या रांगेतून दुरुस्ती येते). मला गाण्यातलं ओ का ठो कळत नव्हतं, पहिल्या वर्षी शेजारच्या एका आजींनी हातावर ताल धरून सम कुठं येते ते दाखवलं, अजून आमचे मेसेज चालू आहेत. मधल्या वेळात खायच्या स्टॉलवर अख्खं पुणं भेटतं. फक्त कार्यक्रम लांबतो तेव्हा पाठीला टेकायला काहीतरी ने.

मुठेकाठचा

सवाईच्या बैठकीचं मान्य. तिथं तोंड एकाच दिशेला असूनही लोक बोलतात कारण तास भरपूर असतात.

बसवनगुडीहून

पुण्याचा, सध्या बंगळुरूत. इकडचं सांगतो, तुलनेला. इथं दोमलूरला बंगलोर इंटरनॅशनल सेंटर आहे, उत्तम व्याख्यानं, बहुतेक सगळी फुकट, कोणीही जावं. आमच्या भागात इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ वर्ल्ड कल्चर, वाडिया दांपत्याने १९४५ साली सुरू केलेली, लायब्ररी आणि संध्याकाळची व्याख्यानं, वातावरण अगदी आपल्या नगर वाचन मंदिरासारखं. पण ओळखी झाल्या त्या गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळात. का, तर तिथं गेल्या गेल्या प्रत्येक जण विचारतो, तुम्ही कुठले आणि इकडे कसे. परगावी मराठी ऐकू आलं की माणूस आपणहून वळतो. पुण्यात तुम्हाला मराठी बोलणारा भेटला यात कोणाला काय नवल वाटणार, म्हणून तिथं पहिलं पाऊल तुम्हालाच टाकावं लागतं, याला पुणेरी खवचटपणा वगैरे नाव देऊ नका.

एक करता येईल. परभणीकडून आलेल्यांचे, मराठवाड्यातल्यांचे म्हणून पुण्यात गट आहेतच, हुरडा पार्टी करतात, स्नेहमेळावे करतात. आईंना तिथं विचारावं लागणार नाही, त्यांनाच विचारतील.

वनाझची_पाहुणी

बापरे एवढी उत्तरं! सगळ्यांचे आभार. काल रात्री आईला सगळं वाचून दाखवलं. मुठेकाठच्या दादांना निरोप आहे की गुडघे अजून ठणठणीत आहेत आणि मृत्युपत्र करून झालंय, त्यामुळे तिला तिसऱ्या विषयापुरतंच यावं लागेल 😂 हुरड्याचं नाव काढल्यावर जे काही बोलायला लागली ते अकरा वाजेपर्यंत थांबेना.

सध्या ठरलंय असं की शनिवारी साहित्य परिषदेत दोघींनी जायचं, आणि सोसायटीच्या ग्रुपवर पुस्तक भिशीबद्दल टाकलंय, तीन बायकांनी अंगठा दाखवलाय, एकीने लिहिलंय पुस्तकं नको नुसती भिशी करू. वॉकला मी एकटी जाऊन बघते आधी. @खुर्च्या_मांडणारी, तुमचं मंडळ कोथरूडपासून जवळ असेल तर मेसेज कराल का? आईचं अक्षर खरंच मोत्यासारखं आहे.

एकच शंका, टिळक रोडला गाडी लावायला मिळते का? आणि आई विचारतेय की शेवटी प्रश्न विचारायचे असतील तर आधी नाव द्यावं लागतं का.

खुर्च्या_मांडणारी

मेसेज केलाय. फळा पुसून ठेवते.

तिसरी_रांग

चारचाकी अजिबात आणू नका, व्याख्यान संपेल पण जागा मिळणार नाही. वनाझहून मेट्रोने डेक्कनला उतरा, पुढं रिक्षा, परतीच्या वेळी मेट्रो चालू असते. प्रश्नांचं असं की काही ठिकाणी चिठ्ठीवर लिहून पुढं पाठवायचे असतात, काही ठिकाणी हात वर केला की माईक येतो, निवेदक सुरुवातीलाच सांगतो. काकूंनी जरूर विचारावा. मला प्रश्न नाही, दोन मुद्दे मांडायचे आहेत, असं म्हणून उठणारे आमच्याकडे आधीच भरपूर आहेत, खरा प्रश्न विचारणारं कोणी आलं तर वक्तासुद्धा खूश होतो. शनिवारी मी असेनच, तिसरी रांग, कडेची खुर्ची, तिच्या शेजारच्या दोन धरून ठेवतो.

मुठेकाठचा

पिशवी ठेवणार ना?

तिसरी_रांग

अर्थात.